उघाडीवरचा डबा

उघाडीवरच्या खोपटात एक डबा टांगलेला असायचा. गोडेतेलाचा, चौकोनी, जाड पत्र्याचा. शेजारी बाभळीचं दांडकं. उधाणाच्या भरतीला बांधावर बसलेल्या माणसाने तो डबा बडवला की मोरखारचे लोक हातातलं टाकून धावायचे. ताटावरून उठायचे, तापात अंथरुणातून उठायचे. बांधाला खांड पडली तर खाडीचं पाणी भाताच्या खाचरांत शिरतं, आणि एकदा शिरलं की ती जमीन पुढची काही वर्षं नुसतं मीठ दाखवते. हे मोरखारमध्ये कुणी कुणाला समजावून सांगत नाही. तो डबा वाजला की पोरंसुद्धा रडायची थांबत.

त्या डब्याचा रघूने अँटेना केला.

मोरखार हे दिघीच्या रस्त्यावरून आत वळल्यावर डोंगराच्या उतारावर लागतं. खाली खाडीचा एक फाटा आत आलेला, फाट्याच्या पलीकडे गावाची शेतं, आणि शेतांना खाडीपासून राखणारा मातीचा बांध. बांधाच्या टोकाला उघाडी, म्हणजे दगडी बांधकामात बसवलेली झडप. ओहोटीला ती आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडते, भरतीला आपोआप मिटते. मिटायला पाहिजे. कधी तिच्यात ओंडका अडकतो, कधी तिच्या कडेला खेकडे बिळं करतात. म्हणून उधाणाला तिथे माणूस लागतो. गावातून उघाडी समोरच दिसते, पण मध्ये पाणी. चालत जायचं तर फाट्याला वळसा घालून बांधाबांधाने जावं लागतं. हाक पोचत नाही. डबा पोचतो.

रघूचा बाप दत्ताराम या कामातला तरबेज माणूस होता. तो बांधावर आडवा व्हायचा आणि मातीला कान लावायचा. पाणी दिसायच्या आधी ऐकू येतं, असं म्हणायचा. रघूला ते काम नको होतं. त्याला कौलांवर चढायला आवडायचं.

तरुणपणी तो टीव्हीचे अँटेने बसवत हिंडला. पार श्रीवर्धनपासून मुरुडपर्यंत त्याने ॲल्युमिनियमच्या दांड्या मुंबईच्या दिशेने उभ्या केल्या. मध्ये डोंगर, त्यामुळे चित्र कधी धड यायचं नाही. डोंगरावर आपटून एक दुसरंच चित्र मागून यायचं आणि बातम्या देणाऱ्या बाईच्या शेजारी तिची फिकट सावली बसायची. त्या सावलीला सगळे भूत म्हणायचे. भूत घालवणं हेच रघूचं काम. तो कौलांवर पाइप धरून उभा, दारात घरातलं कुणीतरी.

"आलं?"

"गेलं."

"आता?"

"आलं, आलं. तिथंच धर, हलू नको."

लग्न झाल्यावर घरचा टीव्ही आला, तेव्हा दारात जनी उभी राहू लागली. नवी नवरी सासऱ्यांसमोर नवऱ्याला ओरडून कशी सांगणार, म्हणून तिने खुणा काढल्या. चित्र नसलं की हात हलवायची. आलं की पंजा उंच धरायची: आलंय, तस्संच राहा. दत्ताराम ओसरीतून म्हणायचा, "सून माझी पोलिसात पायजे व्हती. भर उन्हात नवऱ्याला उभा करून ठेवतेय." जनी पदर तोंडाशी नेऊन आत पळायची, आणि रघू वर तसाच उभा.

मग केबल आली, मग छपराछपरावर थाळ्या आल्या, आणि रघूचं काम संपलं. तो शेतीकडे वळला. बाप गेला तेव्हा बांधाची पाळी त्याच्याकडे आली. घरटी एक माणूस, उधाणाला एकेकाने बसायचं, ही गावाची जुनी रीत. रघू बसायचा, पण मातीला कान कधी लावला नाही. मोबाईल घेऊन बसायचा, आणि मोबाईलला तिथे रेंज नसायची.

टाळेबंदीत त्याची मुलगी भक्ती नवी मुंबईहून काम घेऊन घरी आली. तिच्यासाठी रस्त्यावरून इंटरनेटची वायर आली आणि भिंतीवर एक पांढरी डबी लागली. घर जांभ्या दगडाचं, भिंती हातभर रुंद. डबीचं वायफाय ओसरीपर्यंत येईतो मरून जायचं. भक्ती लॅपटॉप उचलून घरभर फिरायची. रघू दोन दिवस तिच्याकडे बघत होता. तिसऱ्या दिवशी जनीला पिठाची चाळण सापडेना. ती ओसरीच्या वाशाला टांगलेली निघाली, मधोमध एक छोटं यंत्र बांधलेलं, तोंड घराकडे.

"पप्पा, फुल रेंज," भक्ती म्हणाली.

"आणि पीठ कशात चाळू?" जनी म्हणाली.

त्यानंतर तो थांबला नाही. दूध पावडरच्या गोल डब्याला बाजूने भोक, भोकात तांब्याच्या तारेचा बोटाएवढा तुकडा डाग देऊन बसवलेला, डब्याचं तोंड जिकडे रेंज न्यायची तिकडे. असा एक डबा गोठ्यावर लागला, एक भावाच्या घरावर, एक देवळाच्या शिखराला लागून. भक्ती पुन्हा नोकरीच्या गावी गेली, पण वायर राहिली. संध्याकाळी देवळाच्या पायऱ्यांवर माणसं मोबाईल घेऊन बसू लागली. बांधाची पाळी लावणारा कोंडाजी, गावातला सगळ्यात जुना माणूस, येता-जाता टोमणा मारायचा.

"रघ्या, गुरांनापन व्हॉट्सॲप दिलंस काय रं?"

"दिलं ना काका. तुमचा बैल सारखा फोटो टाकतोय."

"मंग बरोबर. म्हनून कामाला न्हाय येत."

पण त्याच कोंडाजीने एक दिवस ओसरीत येऊन पाणी मागितलं आणि पाणी न पिताच बसून राहिला. बांधाला माणूस मिळत नव्हता. अर्धं गाव मुंबईला, उरलेल्यांतले तरणे दिघीच्या बंदरावर पाळ्या करणारे. पावसाळा तोंडावर आलेला.

"तुज्या त्या डब्यातून उघाडी दिसंल काय? घरात बसून?"

रघूला हे आधीच सुचलेलं होतं. फक्त कुणी विचारायची वाट होती.

खोपटाच्या वाशाला कॅमेरा, वर सूर्यप्रकाशावर चालणारी पाटी, खाली बॅटरी. रघूच्या कौलांवर एक डबा उघाडीकडे तोंड करून, उघाडीवर दुसरा घराकडे तोंड करून. खाडीच्या फाट्यावरून सरळ रेघ. पलीकडच्या डब्याला मोठं, चौकोनी, कर्ण्यासारखं तोंड लागणार होतं, आणि त्यासाठी जाड पत्रा. आता तेल प्लास्टिकच्या कॅनमधून येतं. असा पत्रा गावात एकाच ठिकाणी होता.

"घे," कोंडाजी म्हणाला. "आता बडवायला बसनार कोन तितं?"

रघूने अंगणात बसून तो डबा कापला. कात्री पत्र्यात शिरली तेव्हा जो आवाज निघाला तो ऐकून जनी आत गेली. थोड्या वेळाने दारात येऊन उभी राहिली.

"दुसरा न्हवता?"

"असा न्हाय मिळत आता."

"तुमच्या बाबांनी लय वाजवलाय तो."

रघू पत्र्याच्या कडा आत मुडपत राहिला, कुणाच्या हाताला लागू नयेत म्हणून.

चित्र आलं. पहिल्याच दिवशी, पहिल्याच धरण्यात. ओसरीतल्या जुन्या टीव्हीवर उघाडीची दगडी भिंत, तिच्या कडेचा चिखल, झडपेच्या साखळ्या. लोक बघायला आले. कोंडाजीने टीव्हीच्या काचेला बोट लावून पाहिलं. बंदरावर क्रेन चालवणारा कमलेश फोनवरच बघू लागला, कामावरून, आणि मग गावातले बाकीचेही. त्या पावसाळ्यात बांधावर कुणीच बसलं नाही. पाळी मोडली असं कुणी म्हणालं नाही. ती नुसती कुणाच्या तोंडी येईनाशी झाली.

मध्येमध्ये पडदा काळा व्हायचा. तसं झालं की फोन सुरू: रघूदादा, गेलं. काका, काय दिसत न्हाय. घाबरून दोघंतिघं एकदा वळसा घालून उघाडीवर पोचले, तर सगळं ठीक. वैतागून परत आले. म्हणून रघूने यंत्रात एक बदल केला. चित्र तुटलं तर काळं दाखवायचं नाही, शेवटचं आलेलं चित्र तसंच धरून ठेवायचं. पुन्हा जोडणी झाली की पुढे चालू. काळ्यापेक्षा ते बरं. फोन यायचे बंद झाले. गावाला शांत झोप लागू लागली.

भाद्रपदात एका दुपारी तो जेवून टीव्हीसमोर बसला होता. उघाडीच्या भिंतीवर एक बगळा एका पायावर उभा होता. मान आत घेतलेला, पिसं वाऱ्याने थोडी विस्कटलेली. रघूला त्याचं कौतुक वाटलं. किती धीर धरतं एकेक पाखरू. त्याने विडी ओढली, पानाचा डबा काढला, चुना लावला. बगळा हलला नाही. त्याच्या पायाखाली चिखल, चिखलात खेकड्यांच्या वाटा.

मग रघू थुंकायला अंगणाच्या कडेला गेला आणि त्याने समोर पाहिलं. फाटा काठोकाठ भरलेला होता. चिखल कुठेच नव्हता. पाणी उघाडीच्या भिंतीच्या वरच्या दगडांना लागलं होतं. भिंतीवर पाखरू नव्हतं.

तो परत आत आला. बगळा उभा होता.

त्या दिवसापासून तो भरती मोजू लागला. इथे त्याला घड्याळ लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे गावातल्या पोरालाही येतं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला आणि अवसेला बाराच्या आसपास. रघू त्या वेळेला टीव्हीसमोर बसायचा आणि चित्रातल्या एखाद्या हलत्या गोष्टीवर नजर ठेवायचा, साखळीवर अडकलेल्या प्लास्टिकवर, गवताच्या पात्यावर. पाणी चढत चढत एका उंचीला आलं की पातं थांबायचं. पाणी उतरू लागलं की पातं पुन्हा हलायचं. दर वेळी. तिथी कुठलीही असो.

त्याला कळलं. हे जुनंच भूत होतं. डब्यातून निघालेली लहर सरळही जाते आणि पाण्यावर आपटूनही जाते. पाणी एका ठरावीक उंचीला आलं की मागून येणारी लहर पुढच्या लहरीला खाते. पूर्वी ते डोंगरातून यायचं आणि दिसायचं तरी. आता पाण्यातून येत होतं, आणि त्याला लपायला जागा रघूनेच करून दिली होती.

त्याने कौलांवरचा डबा हातभर खाली घेतला. उधाणाच्या पूर्ण भरतीला चित्र टिकलं. मग अर्ध्या भरतीला जाऊ लागलं. वर घेतला तर मधे टिकायचं आणि शेवटी जायचं. पाणी कुठे ना कुठे आपली जागा शोधायचं. शेवटचं चित्र धरून ठेवायची सोय त्याने काढून टाकली, तर दुसऱ्याच दिवशी कमलेश कोंडाजीला घेऊन घरी आला.

"काका, परत काळं व्हतंय. पहिल्यासारखं करा ना."

"पहिल्यासारखं खोटं व्हतं ते."

"अडकतंय जरासं, चालायचंच. मुंबईतपन अडकतं."

"जरासं न्हाय. पानी वर आलं की अडकतं. नेमकं तवाच."

कमलेशने हसून कोंडाजीकडे पाहिलं. कोंडाजी म्हणाला, "पान्याला काय पडलीय तुज्या डब्याची? त्याला काय रेंज कळती?"

"काका, पाळी परत लावा."

कोंडाजीच्या गुडघ्यांना तेल चोळलेलं होतं, त्याचा वास ओसरीत पसरला होता. "कोन बसनार ते सांग," तो म्हणाला. "नावं सांग मला."

रघूने पडदा पहिल्यासारखा करून दिला.

पुढच्या वर्षी आषाढाची अवस आली. आदल्या रात्रभर पाऊस, सकाळी उघाड, वारा खाडीकडून. अशा दिवशी उधाण चढतं आणि उतरायचं नाव घेत नाही. रोपं नुकतीच लावलेली, वीतभर हिरवी. रघू दहाच्या सुमारास काठी घेऊन निघाला.

"आज कशाला?" जनी म्हणाली.

"कॅमेऱ्याची काच पुसून येतो. खारं बसतं."

"उद्या पुसा."

"उद्या काय, परत बसतं."

"जेवून तरी जावा."

"तू वाढून ठेव. टीव्हीत बघत राहा मला. पडलो तर ये."

"मी कशाला येते, कमलेशला पाठवीन क्रेन घेऊन," जनी म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली.

उघाडीवर पोचला तेव्हा पाणी अर्ध्याच्या वर गेलं होतं. झडप मिटलेली, साखळ्या ताठ. खोपटाबाहेरच्या दगडावर तो कॅमेऱ्यासमोरच बसला आणि विडी पेटवली. पाणी चढत होतं. ते चढताना आवाज करत नाही. मघाशी दिसणारा दगड नंतर दिसत नाही, इतकंच. कुठल्या उंचीला चित्र थांबतं ते त्याला पाठ झालं होतं. भिंतीत एक फुटका दगड होता. पाणी त्या दगडाला टेकलं तेव्हा तो विडी ओठांशी नेत होता. आता घरोघर तो तसाच बसलेला दिसणार, विडी ओठांशी, पायाखाली कोरडा बांध.

तो उठला आणि ज्या कामासाठी आला होता ते त्याने केलं. बांधावर आडवा झाला. मातीला कान लावला. आधी त्याला फक्त स्वतःचं रक्त ऐकू आलं. मग खाली, खोल, कुणीतरी घोट घोट पाणी पीत असल्यासारखं काहीतरी.

आतल्या बाजूला, भिंतीला लागून, गवताच्या मुळातून गढूळ पाणी येत होतं. मनगटाएवढं. खेकड्याचं बीळ. गावाकडून ही बाजू दिसत नाही. त्याने खोपटातला पेंढा ओढला, चिखलात मळून बिळात कोंबला, टाचेने दाबला. पाणी क्षणभर थांबलं, मग बोळा तसाच्या तसा बाहेर आला आणि मागोमाग मातीचं ढेकूळ. भोक आता मांडीएवढं. एकट्याच्या हाताने हे बुजत नाही. चार माणसं, फळ्या, मेखा, गोणी लागतात, आणि त्या गावात असतात.

फोन काढला. मेलेला. इथला फोन डब्याच्या रेंजवरच चालायचा, आणि ती आता पाण्याने खाल्ली होती.

त्याने खोपटाच्या खांबावरचा अँटेना सोडवला, तोंड उलटं केलं आणि दांडक्याने बडवला. कापलेला पत्रा. चार भिंती नसलेला. त्यातून ताटली पडावी तसा आवाज निघाला आणि वाऱ्याने तो तिथेच झोपवला. त्याने पुन्हा बडवला. कौलांची घरं उतारावर गप्प होती. त्याच्या घरावरचा दुसरा डबा गोल तोंड उघडं टाकून त्याच्याकडे बघत होता.

मागे बांधाचा एक तुकडा खाली बसला. फार हळू, म्हातारा माणूस बसतो तसा.

तेव्हा त्याला हातात काय आहे ते आठवलं. वायर अजून जोडलेली होती. उंची बदलली तर जुळेल. कॅमेऱ्यासमोर उभं राहून त्याने डबा घराकडे करून छातीशी धरला, मग खांद्याशी, मग डोक्यावर. जुळलं की नाही ते सांगणारा दिवा खोपटात, आणि तो बाहेर. हे काम कधीच एका माणसाचं नव्हतं.

जनी अंगणात आली. हातात सूप. वाळत घातलेलं काहीतरी उचलायला आली असावी. तिने समोर पाहिलं, डोळ्यांवर हात धरला. डोक्यावर डबा धरून उभा असलेला माणूस तिने ओळखला. सूप खाली ठेवलं. रघूला वाटलं, आता ती ओरडेल. ती वळली आणि घाई न करता आत गेली, टीव्ही बघायला.

ती बाहेर आली आणि तिने हात हलवला. नाही.

त्याने डबा थोडा डावीकडे नेला. पाणी आता टाचांच्या मागून वाहत होतं, खाचरांच्या बाजूला उतरत होतं. त्याचा आवाज त्याला ऐकू येत होता. त्याने मागे बघितलं नाही, कारण मान वळली की डबा हलला असता.

ती आत गेली. बाहेर आली. हात हलवला.

त्याने टाचा उचलल्या, हात जितके लांब होतील तितके केले. पत्र्याची एक कड मुडपायची राहिली होती, ती तळव्यात शिरली. ती आत गेली.

या वेळी तिला वेळ लागला नाही. ती दारात आली आणि तिने पंजा उंच केला. लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात करायची तसाच, सरळ, बोटं मिटलेली. आलंय. तस्संच राहा.

मग चित्रात काय आहे ते बघायला ती पुन्हा आत गेली.

ती आता बघत असेल, त्याला कळत होतं. त्याच्या पायांमागचं पाणी, खचलेली माती, हिरव्या रोपांत पसरत गेलेलं तपकिरी. हात खाली आले तर पुन्हा विडी ओढणारा, कोरड्या बांधावर बसलेला माणूस दिसेल, आणि गावाला तोच खरा वाटेल. उजव्या टाचेखालची माती सुटली. त्याने वजन डाव्या पायावर घेतलं. हात वर तसेच ठेवले आणि तो दाराकडे बघत राहिला.